नाशिकच्या धरणांवर गळ टाकताना: पाणी ओळखण्यापासून मासा सोडण्यापर्यंत

नाशिकमध्ये गळाने मासे धरायला शिकायचं असेल तर पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही. मे महिन्यात एखाद्या धरणाच्या बॅकवॉटरला जाऊन या, तेही रिकाम्या हाताने. दारणा, मुकणे, वालदेवी, काश्यपी, करंजवण, वाघाड, जे जवळ पडेल ते. तेव्हा पाणी पार आत सरकलेलं असतं आणि एरवी पाण्याखाली असणारी जमीन उघडी पडते. जुन्या नाल्याचं पात्र, बुडालेल्या शेतांचे बांध, एखाद्या विहिरीचा कठडा, वाळलेल्या बाभळींची खोडं, कधीकाळचा बैलगाडीचा रस्ता, सगळं डोळ्यांसमोर येतं. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असतं तेव्हा वरून नुसता निळा पसारा दिसतो. मासा मात्र त्याच नाल्याच्या कडेने आणि त्याच बांधाच्या पोटाशी फिरत असतो. उथळावर त्याला खायला मिळतं आणि धोका वाटला की दोन शेपट्यांत खोल पाण्यात उतरता येतं.

मोबाईलवर फोटो काढा, पण नुसत्या फोटोवर विसंबू नका, काठावरच्या खुणा जुळवून ठेवा. नाल्याच्या वळणावर उभं राहून समोर बघा. देवळाचा कळस आणि त्यामागचा विजेचा खांब एका रेषेत येतात का? उजवीकडे पंपहाऊसची भिंत आणि मागचा एकटा आंबा? अशा दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात ती तुमची जागा. पाणी चढल्यावरही ती सापडते. माझ्या मते नवख्याने महागड्या रिळापेक्षा या एका फेरीवर वेळ घालवावा.

कुठे टाकायचा आणि कुणाला विचारायचं

आपल्याकडच्या बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप वाढत जात नाहीत. अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून संस्था पैसे घालून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणते आणि धरणात सोडते. तुमच्या गळाला लागलेला कटला बहुधा कुणाच्या तरी कष्टाचा आणि कर्जाचा असतो. त्यामुळे आधी सोसायटीचं ऑफिस किंवा काठावरचे मच्छीमार गाठा, परवानगी घ्या, फी असेल तर भरा आणि पावती मागून घ्या. धरणाच्या भिंतीवर, सांडव्याजवळ आणि दरवाजांच्या खाली उभंच राहायचं नाही. तिथे पाटबंधारे खात्याची बंदी असते आणि ती योग्य आहे.

विचारायची पद्धत साधी आहे. थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून कुणी काठाला आलं की, "मामा, या बाजूला गळ टाकला तर चालंल का?" एवढं पुरतं. "टाका की, पण त्या बाभळींच्या पल्याड नका जाऊ, तिकडं आमची जाळी हायेत," असं उत्तर आलं तर परवानगीबरोबर माहितीही मिळाली. जाळी लावलीत तिथे मासा आहे आणि तिथे तुम्ही टाकायचं नाही.

काही जागा सरळ सोडून द्यायच्या. नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याची घोषणा झाली. तिथे दुर्बीण न्यायची, गळ नाही. रामकुंड आणि गोदाघाटावरही नको, लोक तिथे श्रद्धेने येतात. शहरातून पुढे गेलेल्या गोदावरीतला मासा तर खाण्यासाठी मी कुणाला सुचवणार नाही. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं आणि आज शहराची तहान मुख्यतः त्यावर भागते. तिथली बंधनं जास्त कडक असतील हे धरूनच चौकशी करा.

अगदी पहिल्यांदा काठी हातात धरणाऱ्यासाठी शेततळं उत्तम. निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवड भागात द्राक्ष-डाळिंबासाठी खोदलेली शेततळी भरपूर आहेत आणि अनेकांत मासे सोडलेले असतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून जा. तिथे तीन काट्यांचा गळ वापरायचा नाही, एकच काटा. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदात काटा रुतला आणि तुम्ही ओढलंत तर कागद फाटतो, आणि त्या शेतकऱ्याचं उन्हाळ्याचं पाणी जमिनीत जातं.

कधी जायचं

जून ते ऑगस्ट गळ घरी ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे ओढ्या-नाल्यांतून वर चढतात. चढणीचे मासे पोटात गाभोळी घेऊन निघालेले असतात. त्या काळात एक मादी धरली तर लाखभर अंडी जातात. घरोघरी श्रावण पाळला जातो तो काळही हाच. शिवाय त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस झाला की नदीचं पाणी तासाभरात बदलतं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर पूर मोजतात. त्या बातम्या चालू असताना नदीकाठी गळ टाकायला जाण्यात शहाणपण नाही.

गणपती उरकले की पाणी निवळू लागतं आणि तिथून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाणी कोमट असतं, मासा भुकेला असतो, काठावरचं गवत नुकतंच बुडालेलं असतं आणि त्यात खाद्य असतं.

थंडीत एक गोष्ट नाशिकची म्हणून वेगळी आहे. निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. कटला-रोहू पंचवीस ते तीस अंशांच्या पाण्यात जोमाने खातात. पाणी गार झालं की त्यांचं पचन मंदावतं आणि ते जागचे हलत नाहीत. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे कुडकुडत जाण्याचा उपयोग नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार हीच वेळ, आणि तीही दिवसभर ऊन खाणाऱ्या उथळ पाण्यात. उन्हाळ्यात सगळं उलटं. पाणी जितकं तापतं तितका त्यातला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. एप्रिल-मेमध्ये दिवस उजाडताना आणि मावळताना टाका. भर दुपारी मासा खोलात सुस्त असतो.

आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, बातम्यांवरही लक्ष ठेवा. कालव्याला किंवा खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडलं की धरणाची पातळी उतरू लागते. पाणी झपाट्याने उतरत असेल तर मासा उथळ सोडून खोल पात्रात सरकतो. काल जिथे चांगली चाव मिळाली तिथे आज काहीच लागत नाही, ते यामुळे. पातळी स्थिर असलेले किंवा हळूहळू चढणारे दिवस निवडा.

वाऱ्याचंही तसंच. वारा वरच्या थरातलं कोमट पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव समोरच्या काठाकडे ढकलतो. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्व काठावर, तोंडावर वारा घेत उभं राहा. फेक जरा अवघड जाते, पण खाद्य तिकडे गेलेलं असतं आणि मासा त्यामागे.

सामान

सात-आठ फुटी मध्यम ताकदीची काठी, ३००० किंवा ४००० नंबरचं स्पिनिंग रीळ, ०.३० मिमीचं चांगल्या प्रतीचं तंगूस (गळाचा नायलॉनचा धागा), नेढं असलेले ६ ते १० नंबरचे गळ (नंबर जितका मोठा तितका गळ बारीक), शिशाच्या गोळ्या, दोन-तीन फ्लोट (पाण्यावर तरंगून चाव दाखवणारे), लांब टोकाची पक्कड, कात्री, हातजाळी. सुरुवातीला एवढंच. फ्लोट म्हणून गळून पडलेल्या मोरपिसाची काडी अजूनही सुंदर काम देते, हलक्या चावीलाही थरथरते. तंगूस दरवर्षी बदला. उन्हाने ते ठिसूळ होतं आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तुटतं.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका. मासा सुटेल अशी भीती वाटते, पण तंगूस ताणलेलं ठेवलं तर सुटत नाही. मासा सोडताना जखम कमी होते, आणि गळ आपल्याच बोटात गेला तर निघतोही सरळ. असा गळ लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र टाळू नका.

गाठ

मासे निसटतात ते बहुतेक वेळा गाठीपाशी. एकच गाठ शिका, पण अंधारातही बांधता येईल इतकी घोटा. मी पालोमार वापरतो.

तंगुसाचं टोक वीतभर दुमडून दुहेरी करा. ती दुहेरी कडी गळाच्या नेढ्यातून ओवा. आता दुहेरी तंगुसाचीच एक साधी सैल गाठ मारा. गळ त्या गाठीखाली लोंबता राहील. पुढे आलेली कडी उघडून त्यातून अख्खा गळ पार काढा. आता थुंकी लावून गाठ ओली करा आणि दोन्ही धागे एकत्र धरून सावकाश ओढा. कोरडी गाठ आवळली तर घासून तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होतं. बोटांच्या चिमटीत फिरवून बघा. वेढे एकमेकांवर चढलेले लागले तर कापा आणि पुन्हा बांधा. शिल्लक टोक तीन-चार मिलिमीटर ठेवायचं.

याच वेळी रिळाचा ड्रॅगही लावून घ्या, म्हणजे किती ताण आल्यावर रिळातून तंगूस सुटावं ते ठरवा. ०.३० चं बरं तंगूस साधारण सहा किलोचा ताण घेतं आणि ड्रॅग त्याच्या चौथाईवर हवा, म्हणजे दीड किलो. दीड लिटर पाणी भरलेली बाटली तंगुसाला बांधून काठीने उचला. बाटली जमिनीवरून उठता उठता रिळातून तंगूस सरकायला लागलं की बरोबर. अंदाजाने फिरवलेला ड्रॅग जवळजवळ नेहमी जास्त घट्ट असतो.

चारा

रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी कणकेचा गोळा सगळ्यांत भरवशाचा. दोन भाग कणीक, एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, एक भाग कुटलेली शेंगदाणा पेंड, भाजून भरडलेली चमचाभर बडीशेप. पाणी थेंबाथेंबाने घाला, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात अर्धा तास झाकून ठेवा. शेवटी कापसाचे थोडे तंतू पिंजून त्यात मळून घ्या. त्याने गोळा फेकताना सुटत नाही आणि चिलापी (तिलापिया) एका टोचणीत तो लुटून नेत नाही. गोळा बोराच्या बीएवढा, गळाचं टोक किंचित बाहेर.

येवला-निफाडकडे मका मुबलक मिळतो. रात्रभर भिजवून दाणा नखाने दबेल इतका शिजवा. सायप्रिनस त्यावर तुटून पडतो आणि बारीक मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. गांडूळ सगळ्यांनाच चालतं. वाम किंवा शिंगाडा हे मासे हवे असतील तर तेच लावा, संध्याकाळी, तळाशी.

जागेवर आधी थोडी पेंड टाकून मासा गोळा करता येतो. दोन-तीन लिंबाएवढे गोळे पुरतात. किलोकिलोने पेंड ओतू नका. न खाल्लेली पेंड तळाशी सडते, पाण्यातला प्राणवायू खाते, आणि ते पाणी खाली कुणीतरी पिणार असतं.

खोली मोजणं

हे नव्वद टक्के लोक करत नाहीत असं मला दिसतं. गळाला एक जड शिसं अडकवा आणि हव्या त्या जागी टाका. फ्लोट बुडून गेला तर पाणी तुमच्या मापापेक्षा खोल आहे, फ्लोट वर सरकवा. तो आडवा पडून राहिला तर खाली सरकवा. टोक पाण्याबाहेर जेमतेम दिसलं की फ्लोटपासून गळापर्यंतचं अंतर म्हणजे तिथली खोली. आजूबाजूला पाच-सहा ठिकाणी हे करा. कुठे एकदम दोन फुटांचा फरक पडला तर तो मे महिन्यात बघितलेला बांध.

आता चारा कुठल्या थरात ठेवायचा ते माशाच्या तोंडावरून ठरतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यातलं तरंगतं खाद्य खातो. त्याला चारा पृष्ठभागाखाली तीन-चार फुटांवर लोंबता हवा. रोहू मधल्या थरात आणि थोडा खाली. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो तळ चाटतो. सायप्रिनस गाळ उकरतो. त्याच्या वर पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग सरकताना दिसते, त्या रांगेच्या पुढे हातभर अंतरावर चारा टाकायचा.

चाव आणि हिसका

फ्लोट हलला की लगेच हिसका देण्याचा मोह होतो. तो आवरा. टुकटुक-टुकटुक असं भरभर टोचणं म्हणजे चिलापी किंवा पिल्लं. गळ बारीक केल्याशिवाय ती लागणार नाहीत. रोहू आधी फ्लोटला थरथरवतो, क्षणभर थांबतो आणि मग तिरका ओढत नेतो. तो सरकायला लागला की मनगटाने काठी वर घ्या, खांद्याने नाही. मृगळ आणि सायप्रिनसच्या वेळी उलटं घडतं. त्यांनी तळावरचा चारा तोंडात घेऊन डोकं वर केलं की शिशाचं वजन उचललं जातं आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवखे लोक त्यावेळी पाहतच राहतात. फ्लोट आडवा पडला की मासा तोंडात चारा घेऊन बसलेला आहे, तेव्हाच उचला.

मासा लागल्यावर काठी कमानीसारखी वाकलेली ठेवा. त्याने पळ काढला तर पळू द्या, ड्रॅग त्यासाठीच आहे. तो थांबला की काठी वर घ्या आणि खाली आणताना रीळ फिरवा. काठाजवळ आल्यावर तो हमखास शेवटची धाव घेतो, तेव्हा तंगूस हाताने धरू नका. हातजाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही.

सोडायचा असेल तर नीट सोडा

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला बुरशी आणि रोगांपासून वाचवतो. कोरड्या हाताने, तापलेल्या खडकावर किंवा मातीत ठेवलेला मासा पोहत गेला तरी अनेकदा नंतर मरतो. म्हणून हात ओले करा, ओली गोणी अंथरा, गळ पक्कडीने काढा. कल्ल्यांत बोट घालून लटकवू नका. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या देठाशी, आणि मासा आडवा. तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेवा, फोटो तेवढ्यात होतो. मग पाण्यात सरळ धरून ठेवा. तो स्वतः शेपटी मारून हातातून निघाला की सोडणं पूर्ण झालं. गळ फार खोल गिळला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापा.

खायला न्यायचा तर घरी लागेल तेवढाच, आणि सोसायटीच्या नियमात बसेल तेवढा. महसीर लागला तर मात्र सोडाच. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतला हा राजस मासा आता विरळ झालाय. थाई मांगूर सापडला तर परत पाण्यात सोडू नका. तो परका आहे, देशी मासे खाऊन संपवतो आणि देशात त्याच्या पैदाशीवर बंदी आहे. कुठलाही जिवंत मासा एका धरणातून दुसऱ्यात किंवा शेततळ्यातून नदीत नेऊ नका.

मरळीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती दबा धरून शिकार करते आणि हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे वेलींनी भरलेल्या उथळ पाण्यात राहते. रबरी बेडूक पानांवरून सरकवला की खालून जो धडाका बसतो त्याचं वेड लागतं. पण पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा झुबका बुडबुडताना दिसला तर तिथे टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात आणि बेडकावर भुकेपोटी नव्हे तर पिल्लांसाठी झेपावतात. ते काढले तर अख्खा झुबका दिवसभरात दुसऱ्यांच्या पोटात जातो.

सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं काही दिसलं तर एकट्याने भांडायला जाऊ नका, सोसायटीला लगेच कळवा.

जिवाची काळजी

शेततळ्याचा ओला कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडून ठेवा, लाईफ जॅकेट घाला, एकटे जाऊ नका. उतरत्या धरणाचा गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि आत मांडीभर मऊ असतो. काठीने चाचपल्याशिवाय त्यावर पाय टाकायचा नाही.

काठावर शेतीपंपांच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून फेकण्याआधी वर बघायची सवय लावा. वळवाचे ढग गडगडायला लागले की काठी आडवी ठेवून गाडीत बसा. आणि दारणा-गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असतो. तिथे दिवस कलायच्या आत सामान आवरा, उसाला पाठ करून खाली वाकून बसू नका, लहान मुलांना नजरेआड होऊ देऊ नका.

तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी न्या. पाणपक्ष्यांच्या पायात आणि चोचीत ते अडकलं की पक्षी उपाशी मरतो.

वहीत काय लिहायचं

घरी आल्यावर रीळ ओल्या फडक्याने पुसा, ड्रॅग सैल करा, गळ वाळवा आणि वही उघडा. तारीख, वारा, पाण्याचा रंग, खोली, चारा, वेळ हे लिहिताच; त्यात धरणाचा साठाही लिहा. आपल्या जिल्ह्यातल्या धरणांच्या साठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रांत येत असते, ती त्या दिवसाची नोंदवा. मुकणे ७० टक्क्यांवर असताना नाल्याच्या वळणावर आठ फूट पाण्यात रोहू लागला असेल, तर पुढच्या वर्षी साठा ७० टक्क्यांच्या आसपास आला की त्या वळणावर पुन्हा साधारण तेवढंच पाणी असेल. साठा ९० असेल तर वळण जास्त खोलात गेलेलं असतं, आणि तेव्हा काठाकडचा वरचा बांध शोधायचा. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी झाल्या की सकाळी पेपर वाचतानाच कुठल्या धरणावर, कुठल्या खुणेपाशी जायचं ते ठरतं.